कसोटी छळाची हवी, धर्माची नको

पारोळ्याहून महामार्गाने पश्चिमेला गेलं की धुळं लागतं आणि पूर्वेला जळगाव. धुळ्यात कुमारनगर आहे, जळगावात सिंधी कॉलनी. फाळणीत घरदार सोडून आलेल्या सिंधी माणसांनी वसवलेल्या या वस्त्या आज खानदेशच्या बाजारपेठेचा भाग आहेत. तिथे येणं अजूनही पुरतं थांबलेलं नाही. पहलगामच्या हल्ल्यानंतर, एप्रिल २०२५ मध्ये, राज्यातल्या पाकिस्तानी नागरिकांचे आकडे प्रसिद्ध झाले. त्यांत जळगाव जिल्ह्याचा आकडा ३९३ होता. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर वर्षानुवर्षं राहणारी सिंधी हिंदू कुटुंबं त्यांत होती. ‘नागरिकत्व सुधारणा कायदा, २०१९’ला विरोध करणं म्हणजे या कुटुंबांच्या ताटातला घास काढणं, असं आपल्याकडे अनेकांना मनापासून वाटतं. या कायद्याबद्दलचा हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. या कुटुंबांना नागरिकत्व मिळायलाच हवं, तेही लवकर. आक्षेप वेगळा आहे: त्यांना जे दार उघडलं, त्यावर धर्माची पाटी का लावली?

कायदा म्हणतो ते थोडक्यात असं. पाकिस्तान, बांगलादेश किंवा अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती व्यक्तींना बेकायदा स्थलांतरित मानलं जाणार नाही. नागरिकत्वासाठी त्यांना अकराऐवजी पाचच वर्षांचं वास्तव्य पुरे. हा कायदा छळ झालेल्यांसाठी आहे, असं सांगितलं जातं. पण कायद्याच्या कलमांत छळ हा शब्दच नाही. कायदा ज्या जुन्या अधिसूचनांचा हवाला देतो, त्यांत छळाचा उल्लेख आहे; पण अर्जदाराला छळ सिद्ध करावा लागत नाही. मार्च २०२४ मध्ये आलेल्या नियमांनी मागितलेली कागदपत्रं पाहा: कोणत्या देशातून आलात, कधी आलात आणि तुमचा धर्म कोणता हे सांगणारं स्थानिक सामाजिक संस्थेचं प्रमाणपत्र. म्हणजे मोजला जातो तो धर्म. छळ गृहीत धरला जातो, आणि मुसलमानाच्या बाबतीत तो झालाच नाही असंही गृहीत धरलं जातं.

यावर नेहमीचं उत्तर येतं की मुसलमानांना पन्नासेक देश आहेत, आणि मुस्लिम देशात मुसलमानाचा छळ कसा होईल? पाकिस्तानने १९७४ साली घटनादुरुस्ती करून अहमदियांना बिगर-मुस्लिम ठरवलं. १९८४ च्या वटहुकमाने त्यांनी स्वतःला मुसलमान म्हणवणं आणि प्रार्थनास्थळाला मशीद म्हणणं हा गुन्हा झाला. अफगाणिस्तानात हजारा शियांच्या शाळा आणि मशिदींवर बॉम्बहल्ले झाले. या दोन्ही समूहांना त्यांच्या धर्मामुळेच जीव मुठीत धरून जगावं लागतं, आणि तेही कायद्यात नाव असलेल्या देशांतच. नाव नसलेल्या म्यानमारमध्ये १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने रोहिंग्यांना परकं करून टाकलं. श्रीलंकेतून आलेले तमिळ तर बहुतांशी हिंदूच आहेत. तमिळनाडूच्या छावण्यांत त्यांच्या पिढ्या गेल्या, तरी २०१९ च्या कायद्यात त्यांना जागा नाही. हिंदूंना आश्रय हाच हेतू असता तर हे तमिळ सुटले नसते, आणि छळग्रस्तांना आश्रय हा हेतू असता तर अहमदिया सुटले नसते.

दुसरा समज इतिहासाबद्दलचा आहे. देशाची फाळणी धर्मावर झाली, त्यामुळे भारताचं नागरिकत्वही त्याच पायावर असणं स्वाभाविक आहे, असं म्हणतात. संविधान सभेने नेमका हाच प्रश्न ऑगस्ट १९४९ मध्ये हाताळला होता. फाळणीच्या जखमा तेव्हा ओल्या होत्या आणि रेल्वे फलाटांवर निर्वासित राहत होते. तेव्हा विदर्भाच्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी दुरुस्ती मांडली: जो हिंदू किंवा शीख दुसऱ्या कोणत्याही देशाचा नागरिक नाही, तो जगात कुठेही असो, त्याला भारताचं नागरिकत्व मिळावं. पंजाबरावांचं शेतकऱ्यांसाठीचं आणि शिक्षणातलं काम मोठं आहे, म्हणून ही सूचना सहज बाजूला सारण्यासारखी नव्हती. सभेने ती विचारात घेतली आणि नाकारली. डॉ. आंबेडकरांच्या मसुदा समितीने दिलेल्या कलमांपैकी सहावं कलम पाकिस्तानातून आलेल्यांसाठी आहे. त्यात येण्याची तारीख आहे, स्वतः, आईवडील किंवा आजीआजोबांपैकी कोणी अखंड भारतात जन्मलेलं असावं ही अट आहे, नोंदणीची पद्धत आहे. धर्म नाही. कुमारनगरातल्या पहिल्या पिढीला नागरिकत्व मिळालं ते या धर्म न विचारणाऱ्या कलमाने.

परकी माणसं समानतेचा हक्क कसा मागतील, हा प्रश्नही विचारला जातो. चौदाव्या कलमातला शब्द ‘नागरिक’ नाही, ‘व्यक्ती’ आहे. भारताच्या भूमीवर असलेल्या कोणालाही कायद्यापुढे समानता नाकारता येत नाही. सरकार भेद करू शकतं, हे खरंच; पण त्या भेदाचा कायद्याच्या हेतूशी वाजवी संबंध असावा लागतो. वर पाहिलं तसा इथे तो जुळत नाही. दोनशेहून अधिक याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या; त्यांतल्या अनेकींचा मुद्दा हाच आहे.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य: भारतीय मुसलमानाचा या कायद्याशी काहीच संबंध नाही. कायद्याच्या अक्षरापुरतं हे बरोबर आहे. तो कोणाचं नागरिकत्व काढून घेत नाही, आणि घेतो अशी अफवा पसरवणारेही चूक करतात. पण कायदा एकटा उभा नसतो. नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही तयार करण्याची तरतूद नागरिकत्व कायद्याच्या २००३ च्या दुरुस्तीनेच झालेली आहे. देशभर अशी नोंदवही झालेली नाही. आसामात झाली, आणि ३१ ऑगस्ट २०१९ च्या यादीतून १९,०६,६५७ माणसं बाहेर राहिली. त्यांतल्या हिंदूला निदान बांगलादेशातून आलो असं सांगून नव्या कायद्याचं दार ठोठावता येतं. त्याच गावातल्या, तशाच कागदाअभावी बाहेर राहिलेल्या मुसलमानाला ते दार नाही.

कागद नसणं म्हणजे परकं असणं नव्हे, हे खानदेशाला वेगळं सांगायला नको. घरी बाळंतपण झालं, नोंद राहून गेली, पुढे शाळेत मास्तरांनी अंदाजाने तारीख घातली, हे सगळ्याच जातीधर्मांत घडलेलं आहे. तरी जानेवारी २०२५ मध्ये राज्याने उशिराच्या जन्मनोंदींच्या चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमलं, ते मालेगावच्या नोंदींवरून. खोटा दाखला देणारा आणि घेणारा दोघांवर गुन्हा व्हायलाच हवा. मात्र मालेगावच्या अनेक मोमीन विणकरांचे पूर्वज १८५७ नंतर उत्तर भारतातून हातमाग घेऊन आले, आणि यावल-रावेरचे तडवी भिल्ल धर्माने मुसलमान असून सातपुड्याचे आदिवासी आहेत, अनुसूचित जमातीत मोडतात. यांच्या नावावरून संशय सुरू होत असेल तर तो तपास राहत नाही. जून २०२५ मध्ये मीरा रोड भागात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या एका गवंडीकाम करणाऱ्या मजुराला बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकललं गेलं. तो भारतीय असल्याचं नंतर मान्य करून त्याला परत आणावं लागलं.

सीमा सांभाळायची की नाही, असं यावर विचारलं जाईल. सांभाळायलाच हवी, आणि प्रत्येक अर्जदाराची पूर्वपीठिका तपासायला हवी. पण धर्म हे तपासाचं साधन म्हणून निकामी आहे, कारण हेर कोणत्याही धर्माचं प्रमाणपत्र आणू शकतो. चांगली पद्धत आपल्याकडे आधीच आहे. केंद्राने डिसेंबर २०११ मध्ये आश्रय मागणाऱ्या परदेशी व्यक्तींसाठी कार्यपद्धती ठरवली. वंश, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व, वांशिक ओळख, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळाची सकारण भीती आहे का, हे प्रत्येक प्रकरणात तपासून दीर्घ मुदतीचा व्हिसा द्यायचा, असं ती सांगते. हीच कसोटी नागरिकत्व कायद्यात आणावी आणि सहा धर्मांची यादी काढून टाकावी. जळगावच्या सिंधी कुटुंबाला मिळणारं त्याने तसूभरही कमी होणार नाही. लाहोरहून आलेल्या अहमदियाला, काबूलहून आलेल्या हजाराला आणि जाफन्याच्या तमिळाला त्याच टेबलासमोर अर्ज घेऊन उभं राहता येईल.