टोकियोचे पत्र : राजधानीत गावाचं दुकान

टोकियोला येणारे आपल्याकडचे पाहुणे सगळ्यात आधी खरेदीचं विचारतात. काय घ्यावं, कुठे घ्यावं? इथे ज्या त्या वस्तूची पेठ ठरलेली आहे. विजेच्या वस्तूंसाठी अकिहाबारा, जुन्या पुस्तकांसाठी जिम्बोचो, सुऱ्या-भांड्यांसाठी उएनो आणि असाकुसा यांच्यामधली काप्पाबाशी. सुक्या मासळीपासून चपलांपर्यंत सगळं एका गल्लीत हवं असेल तर उएनो स्टेशनाजवळचं आमेयोको. एवढं मात्र ध्यानात ठेवा : जपानात वीज 100 व्होल्टची आहे. इथल्या घरांसाठी बनवलेला भाताचा कुकर आपल्या 230 व्होल्टवर लावला तर जळून जाईल. खोक्यावर 100 ते 240 असं छापलेलं असेल तरच घ्या.

दुकानात घासाघीस करायची नाही. पाटीवरचा भाव तोच भाव, आणि ही रीत जुनी आहे. मित्सुई ताकातोशी यांनी 1673 साली एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, एचिगोया नावाचं कापडाचं दुकान काढलं. तेव्हाचे व्यापारी बड्या घरी माल नेऊन दाखवत, उधारीवर देत आणि माणूस पाहून भाव सांगत. एचिगोयाने रोख पैसे आणि सगळ्यांना एकच भाव अशी पद्धत चालवली, त्यामुळे साध्या माणसालाही पेढीची पायरी चढता आली. मित्सुकोशी नावाचं आजचं मोठं दुकान याच पेढीतून वाढलं. गल्ल्यावर पैसे हातात देत नाहीत. समोर छोटा ट्रे असतो, त्यात ठेवायचे, सुटेही त्यातच परत मिळतात. कर खाण्याच्या जिनसांवर 8 टक्के, बाकी बहुतेक वस्तूंवर 10 टक्के. रात्र पडू लागली की सुपरमार्केटात तयार पदार्थांवर सवलतीच्या चिठ्ठ्या चिकटवतात, कधीकधी थेट निम्म्या भावाच्या. बेताच्या पैशात आलेल्यांनी ही वेळ साधावी.

आम्हा मराठी घरांचं वाणसामान बहुतेक एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईत भरतं. 2000 सालाच्या सुमारास संगणकाच्या कामासाठी आलेली भारतीय मंडळी या भागात राहू लागली आणि त्यांच्यामागून तूरडाळ, पोहे, हिंग आले. याच वॉर्डाच्या सभेवर 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस निवडून आला.

पण नंदुरबारच्या वाचकांना मला सांगायचं आहे ते वेगळ्याच दुकानांविषयी. जपानचे 47 प्रांत आहेत आणि त्यातल्या बऱ्याच प्रांतांनी राजधानीत स्वतःची दुकानं थाटली आहेत. युराकुचो स्टेशनाला लागून कोत्सू काइकान नावाची इमारत आहे. तिच्यात होक्काइडो, तोयामा, वाकायामा अशा प्रांतांची दुकानं एका छपराखाली भेटतात. तिथून चालत गिन्झात गेलात की कोचीचं दुकान, हिरोशिमाचं दुकान. यामागे प्रांताचं सरकार उभं असतं. माल खपवणं हे एक काम झालं. शहरातला माणूस काय चाखतो, काय परत ठेवतो, कोणतं पाकीट त्याला मोठं वाटतं, हे पाहून गावाकडे कळवणं हे दुसरं. मला दुसरं जास्त मोलाचं वाटतं.

कोचीच्या मालात युझूच्या रसाची बाटली दिसली तर उचलून पाहा. युझू म्हणजे लिंबाच्या जातीचं पिवळं फळ. आंबट, बियांनी भरलेलं, तसंच खाता न येणारं. हा रस करणारं उमाजी हे कोची प्रांतातलं डोंगरगाव. जवळजवळ सगळं जंगल, वस्ती हजाराच्याही आत. लाकडाचा धंदा बसला तेव्हा गावापाशी हे फळ उरलं, तेही दिसायला ओबडधोबड. ताजं फळ म्हणून बाजारात त्याला भाव नव्हता. मग तिथल्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने रस काढला, सोया सॉसमध्ये मिसळून आंबट पोंझू केला, मध घालून सरबत केलं आणि सरबताच्या नावातच गावाचं नाव घातलं. 1988 मध्ये टोकियोतल्या एका मोठ्या दुकानाने देशभरातल्या खेड्यांच्या मालाचं प्रदर्शन भरवलं, त्यात या पोंझूला पहिलं बक्षीस मिळालं. आज उमाजी हे नाव जपानभर ओळखीचं आहे.

हे वाचताना धडगाव-मोलगीकडच्या वाचकांना आमचूर आठवला असेल. सातपुड्यातली कैरी पाडायची, सोलायची, फोडी करून कडक उन्हात वाळवायच्या. घरातली बायामाणसं, पोरंसोरं सगळी त्यात राबतात. पोती आठवडे बाजारात व्यापाऱ्याकडे गेली की त्या आमचुराला गाव उरत नाही. पुढे कुठल्यातरी मसाल्याच्या पाकिटात तो जातो आणि खाणाऱ्याला सातपुडा कधी कळत नाही. नंदुरबारच्या पथारींवर वाळणाऱ्या लाल मिरचीचंही बरंचसं तसंच. शहाद्याकडची दादर ज्वारी, डोंगरातली मोहफुलं, नवापूरची तूरडाळ यांना मुंबईत किती जण नावाने ओळखतात?

जपानच्या ओइता प्रांताचे तेव्हाचे राज्यपाल मोरिहिको हिरामात्सु यांनी 1979 मध्ये प्रत्येक गावाने आपली एक वस्तू पुढे आणावी अशी चळवळ सुरू केली. एक जिल्हा एक उत्पादन हे आपल्याकडे आता सगळ्यांच्या तोंडी आहे, त्याच्याशी तिचं नातं उघड आहे. पण वस्तू निवडणं सोपं. ती शहरात गावाच्या नावाने विकायला जागा लागते, गिऱ्हाइकाशी बोलणारं गावचं माणूस लागतं, आणि पहिली काही वर्षं तोटा सोसण्याची तयारी लागते. जपानातही शहरातलं भाडं न परवडून प्रांतांची काही दुकानं बंद झाली आहेत, हेही लपवण्यात अर्थ नाही.

1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झालेला आपला जिल्हा आता पोरवयाचा राहिलेला नाही. दादरला नाहीतर पुण्याला, एका खोलीचं का होईना, नंदुरबारचं दुकान हवं. आमचूर, मिरची, दादर ज्वारी यांच्या पाकिटावर गावाचं आणि बचत गटाचं नाव हवं, आणि गल्ल्यावर आपल्याकडचीच मुलगी हवी. जिल्हा परिषदेने, बचत गटांनी आणि शेतकऱ्यांच्या कंपन्यांनी एकत्र बसून हे मनावर घ्यावं. आणि तुमच्यापैकी कुणी टोकियोला आलंच, तर गिन्झाच्या काचा पाहण्यात दिवस घालवू नका. आधी कोत्सू काइकानमध्ये जा, चार पाकिटं हातात घ्या, त्यांवर काय काय छापलं आहे त्याचे फोटो काढा आणि ते आपल्या गावच्या बचत गटाला दाखवा.