चार हजार चारशे वेढे

घरी व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर बांधणाऱ्यांनी व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा धसका नेमका कधी घेतला, याचा माग काढत गेलं की आपण १९४७ पाशी येऊन पोचतो.

तोवर हौशी माणसाचं काम त्या मानाने सोपं होतं. १९३४ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात डब्ल्यू. टी. कॉकिंग यांनी पीएक्स४ ट्रायोडचा पुश-पुल अॅम्प्लिफायर दिला. त्यात फीडबॅक नव्हता, म्हणजे बाहेर पडलेल्या सिग्नलचा अंश उलटा करून आत परत दिलेला नव्हता. ट्रान्सफॉर्मर थोडा कमी-जास्त झाला तर खर्ज किंवा वरचे सूर जरा पडायचे, एवढंच.

१९४७ च्या एप्रिल-मे अंकांत त्याच मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांचा आराखडा आला आणि सगळं पालटलं. ट्रायोडसारखे जोडलेले दोन केटी६६ व्हॉल्व्ह, १५ वॅट, विकृती जेमतेम ०.१ टक्का. त्यासाठी त्यांनी आउटपुट ट्रान्सफॉर्मरलाच २० डेसिबल फीडबॅकच्या घेऱ्यात ओढलं. लीक कंपनीने १९४५ मध्ये असा अॅम्प्लिफायर काढला होता, पण विल्यमसन यांनी घरी बांधणाऱ्याच्या हातात अख्खी कृतीच दिली.

घेऱ्यात आलेला ट्रान्सफॉर्मर मात्र चूक पोटात घालत नाही. ऐकू येणाऱ्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना तो सिग्नलची फेज मागे-पुढे सरकवतो; ती फार सरकली की फीडबॅक उलटतो आणि अॅम्प्लिफायर स्वतःच घुमू लागतो. खर्जासाठी प्रायमरीचा, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीचा, इंडक्टन्स किमान १०० हेन्री हवा, म्हणजे वेढे भरपूर. वरच्या टोकासाठी लीकेज इंडक्टन्स ३० मिलिहेन्रीच्या आत हवा, आणि तो वेढ्यांच्या वर्गाने वाढतो. उपाय एकच: प्रायमरी-सेकंडरीचे थर एकाआड एक. पण थर वाढले की त्यांच्यातला कपॅसिटन्स वाढतो. या ओढाताणीतून विल्यमसन यांनी काढलेली वाट मला आजही थक्क करते: दोन बॉबिन, प्रत्येकावर प्रायमरीचे ५ भाग, प्रत्येक भागात ४४० वेढे, एका थरात ८८. एकूण ४,४००.

हा ट्रान्सफॉर्मर मी स्वतः गुंडाळायला घेतला, तेव्हा पहिल्या खेपेला थराच्या कडेचा एक वेढा घसरून खालच्या थरात गेला. कागद सोडवून अख्खा भाग उलगडला, पुन्हा गुंडाळला. तीन रविवार गेले. मग फीडबॅकची तार जोडली आणि स्पीकर असा किंचाळला की हातातला स्क्रू-ड्रायव्हर पडला. सेकंडरीची टोकं उलटी लागली होती. त्यांची अदलाबदल केली आणि खोली शांत झाली. ती शांतता मी विसरलेलो नाही.

पुढे नोव्हेंबर १९५१ मध्ये अमेरिकेत हॅफ्लर आणि केरोस यांनी अल्ट्रालिनियर जोडणी लोकप्रिय केली. ब्रिटिश अभियंते ब्लमलाइन यांनी ती १९३७ मध्येच पेटंटसाठी मांडली होती. प्रायमरीवर मध्यापासून ४३ टक्के वेढ्यांवर टॅप काढायचा आणि व्हॉल्व्हची स्क्रीन ग्रिड त्याला जोडायची. विकृती ट्रायोडच्या जवळपास राहते आणि ताकद बरीच वाढते.

विल्यमसन यांच्या बॉबिनवर २,२०० चे ४३ टक्के म्हणजे ९४६, म्हणजे तिसऱ्या भागातला सहासष्टावा वेढा, थराच्या पाऊण वाटेवर. तिथे तार खरवडून झाल द्यायला माझा हात धजत नाही. म्हणून मी दुसरा भाग संपतो तिथे, ८८० वर, टॅप काढतो. चाळीस टक्के. गेली कित्येक वर्षं त्यावरच गाणं ऐकतो आहे.