दुसरा अंगरखा

मंत्र्यांचा दौरा जाहीर झाला, की दोन वर्षे कुणालाच न दिसलेले खड्डे एका रात्रीत बुजतात. दुभाजकांना रंग लागतो, कचराकुंडी कापडाआड जाते. ताफा निघून गेल्यावर पहिल्याच पावसात खडी पुन्हा वर येते. हे सगळे आपल्या इतक्या सवयीचे आहे, की बायबलमधली एक प्राचीन प्रतिमा मराठी वाचकाला समजावून सांगायची गरजच पडू नये. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात अरण्यातून रस्ता तयार करण्याची हाक आहे. स्वामी येतो आहे, तेव्हा खोलगट जागा भरून काढायची, उंचवटे उतरवायचे, वाकडी वाट सरळ करायची. काही शतकांनंतर शुभवर्तमानकारांनी ही हाक एका माणसाला चिकटवली. तो माणूस म्हणजे बाप्तिस्मा करणारा योहान, येशूचा अग्रदूत. (चौथे शुभवर्तमान ज्याच्या नावावर आहे तो योहान वेगळा. हा घोळ भल्याभल्यांचा होतो.)

अग्रदूत म्हटला की आपल्यापुढे नाटकातला चोपदार उभा राहतो. ललकारी द्यायची आणि विंगेत जायचे. योहानाला या भूमिकेत बसवले की त्याच्याकडून शिकण्यासारखे फार काही उरत नाही. पण त्याने नुसती ललकारी दिली नव्हती. त्याने रस्त्याचे काम काढले होते, आणि ते वरवरच्या डांबराचे नव्हते.

शुभवर्तमानकार लूकने दिलेली कालगणना धरली, तर रोमन सम्राट तिबेरियाच्या कारकिर्दीचे पंधरावे वर्ष, म्हणजे साधारण इ.स. २८-२९, हा योहान लोकांपुढे आला तो काळ. त्याचे वडील जखऱ्या हे याजक. यरुशलेमच्या मंदिरात सेवेसाठी याजकांच्या चोवीस पाळ्या होत्या आणि जखऱ्या त्यांतल्या अबीयाच्या पाळीतला. आई अलीशिबा हीदेखील याजकांच्याच कुळातली. आपल्याकडे मोठ्या देवस्थानांत पूजेच्या पाळ्या कशा वंशपरंपरेने चालतात, त्यांवरून भाऊबंदकीत कसे दावे पडतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना योहानाने काय सोडले ते लगेच कळेल. एकुलता मुलगा, ठरलेली वृत्ती, मंदिरात मान. तो मात्र यहूदियाच्या रखरखीत रानात गेला. अंगावर उंटाच्या केसांचे वस्त्र, कमरेला कातड्याचा पट्टा. खाणे टोळ आणि रानमध. विदर्भातल्या शेतकऱ्यांनी २०२० च्या मे महिन्यात टोळधाड पाहिली. त्यांना हा आहार ऐकून शिसारी येईल, पण यहुदी धर्मशास्त्राने काही जातींचे टोळ खायला परवानगी दिलेली होती. गरिबाचे, फुकट मिळणारे अन्न ते. वेशही मनाला येईल तसा नव्हता. एलीया संदेष्टा असाच केसाळ वस्त्रात आणि कातडी पट्ट्यात वावरत असे, हे पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते.

जागाही तशीच विचारपूर्वक निवडलेली. यरीहोजवळचा यार्देन नदीचा तो पट्टा समुद्रसपाटीपेक्षा साडेतीनशे मीटरहून अधिक खाली आहे. परंपरा सांगते, की मिसरच्या गुलामीतून सुटलेले इस्राएली लोक याच भागात नदी ओलांडून वचनदत्त भूमीत आले. एलीया याच काठावरून स्वर्गात गेला असेही मानतात. म्हणजे जिथून राष्ट्राची सुरुवात झाली, तिथेच योहान लोकांना परत नेऊन उभे करत होता. नदीत उतरा आणि पुन्हा एकदा आत या, असा त्याचा रोख दिसतो.

स्नानाने शुद्ध होणे यहुद्यांना नवे नव्हते. मंदिराच्या आसपास खडकात खोदलेली स्नानकुंडे होती. तिथून काही कोसांवरच्या कुम्रान वस्तीतही ती सापडली आहेत. १९४७ पासून मृत समुद्राजवळची जी हस्तलिखिते मिळाली, ती याच वस्तीच्या परिसरातली. पण त्या कुंडात माणूस आपला आपण बुडी मारी, आणि पुनःपुन्हा मारी. योहानाने दुसऱ्याला हाताला धरून पाण्यात उतरवले, म्हणून तर लोकांनी त्याला ‘बाप्तिस्मा करणारा’ हे नाव दिले. शिवाय पापक्षमेची वाट मंदिरातून, यज्ञपशूंच्या बाजारातून जात असताना याजकाच्याच मुलाने ती वाहत्या नदीवर, कवडीही न घेता मोकळी करावी, यातली खोच यरुशलेमकरांच्या लक्षात आली नसेल असे कोण म्हणेल?

त्याच्या हाकेसाठी मराठी बायबलमध्ये ‘पश्चात्ताप’ हा शब्द आहे. चांगला, रुळलेला शब्द. पण त्याच्या पोटात ‘नंतर’ आणि ‘ताप’ आहे. घडून गेल्यावर जीव पोळणे, टिपे गाळणे, छाती बडवणे हे सारे त्यात येते. शुभवर्तमानातला ग्रीक शब्द ‘मेटानोइया’. त्याचा गाभा मन पालटणे, विचाराची दिशाच बदलणे हा आहे. त्यामागे उभी असलेली हिब्रू कल्पना ‘तशुवा’ तर अगदी पायांची आहे: वळणे, माघारी फिरणे. चुकीच्या गाडीत बसलेला प्रवासी डब्यात कितीही रडला तरी गाडी कल्याणला न जाता पनवेललाच जाणार. पुढच्या स्थानकावर उतरून फलाट बदलावा लागतो.

हा फलाट कसा बदलायचा, हे लोकांनी त्याला सरळ विचारले. लूकच्या तिसऱ्या अध्यायातला तो प्रसंग मला योहानाच्या चरित्रातला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि आश्चर्य म्हणजे चित्रकारांनी आणि प्रवचनकारांनी त्याकडे फारसे पाहिलेले नाही. त्यांना योहानाचे तबकातले मुंडके जास्त आवडते.

आधी सामान्य लोक पुढे आले. आम्ही काय करावे? योहानाने त्यांना जपसंख्या सांगितली नाही, उपास सांगितला नाही, अरण्यात या असेही म्हटले नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे असतील त्याने एक, ज्याच्याकडे नाही त्याला द्यावा, अन्नाचेही तसेच. मग जकातदार आले. जकात त्या काळी मक्त्याने दिली जाई. मक्तेदाराने सरकारला ठरलेली रक्कम भरायची आणि वर जे पिळून काढता येईल ते आपले. त्यामुळे जकातदार हा परक्या सत्तेचा हस्तक आणि लुटारू, दोन्ही. त्यांना योहानाने नोकरी सोडायला सांगितले नाही. ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका, एवढेच म्हणाला. शेवटी सैनिक. दमदाटीने पैसे उकळू नका, खोटी प्रकरणे अंगावर घालू नका, पगारात भागवा.

तीन वर्ग, तीन उत्तरे आणि तिन्ही उत्तरांत देवाचे नाव नाही. प्रत्येकाला त्याच्या धंद्यातले नेमके ठिकाण दाखवले आहे, जिथे हात मळतात. ही उत्तरे आजच्या महसूल कार्यालयाच्या खिडकीवर, पोलीस चौकीत, बांधकाम परवान्याच्या टेबलावर जशीच्या तशी लावता येतात. त्यांत एका अक्षराचा बदल करावा लागत नाही, ही काही आपल्या काळाला अभिमान वाटावी अशी गोष्ट नव्हे.

आध्यात्मिक विकास हा शब्द हल्ली फार ऐकू येतो. त्याची शिबिरे असतात, मोबाइलवर ॲप असते, डोंगरातल्या रिसॉर्टवर मौनाचे तीन दिवस असतात. त्यांत वाईट काही नाही. दमलेल्या माणसाला शांतता हवीच. पण तिथून परतलेला माणूस ‘खूप हलके वाटले’ म्हणतो, तेव्हा मला योहानाचा दुसरा अंगरखा आठवतो. हलके वाटणे आणि हलके होणे यांत एका अंगरख्याचा फरक आहे. वारसा, कुळ, नाव यांवर विसंबणाऱ्यांनाही त्याने सोडले नाही. अब्राहाम आमचा बाप, असे मिरवणाऱ्या परूशी आणि सदूकी मंडळींना त्याने विषारी सापांची पिल्ले म्हटले आणि फळ न देणाऱ्या झाडाच्या मुळाशी कुऱ्हाड टेकलेली आहे, अशी आठवण करून दिली. गोड बोलणे हा त्याचा प्रांतच नव्हता.

योहानाची साक्ष केवळ ख्रिस्ती ग्रंथांतच आहे असे नाही. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसिफस याने इ.स. ९३-९४ च्या सुमारास लिहिलेल्या यहुद्यांच्या इतिहासात त्याच्यावर एक परिच्छेद खर्ची घातला आहे. तो सांगतो, की योहान लोकांना एकमेकांशी न्यायाने आणि देवाशी भक्तीने वागायला सांगे. मन आधी सदाचाराने शुद्ध झालेले असावे, पाणी मग शरीरासाठी. क्रम लक्षात घ्या. विधी शेवटी येतो.

गालीलचा आणि पेरियाचा मांडलिक राजा हेरोद अंतिपा याने त्याला का मारले, याची दोन कारणे दोन ठिकाणी आहेत. शुभवर्तमानांत हेरोदाने भावाची बायको हेरोदिया हिच्याशी केलेल्या लग्नावर योहानाने उघड ठपका ठेवला म्हणून. जोसिफसच्या मते, त्याच्या शब्दाखातर गर्दी उठेल या भीतीने. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. राजाच्या खासगी पापावर भर चौकात बोलणारा आणि पाठीशी गर्दी असलेला माणूस कोणत्या सत्तेला परवडतो? मृत समुद्राच्या पूर्वेला मखेरसच्या डोंगरी किल्ल्यात त्याला ठेवले आणि तिथेच संपवले, हेही जोसिफस सांगतो. मेजवानीत नाचून त्याचे शिर मागणाऱ्या मुलीचे नाव शुभवर्तमानांत नाही. हेरोदियाच्या मुलीचे ‘सलोमी’ हे नाव जोसिफसकडून आले, आणि ऑस्कर वाइल्डच्या नाटकापासून रिचर्ड स्ट्राऊसच्या ऑपेरापर्यंत तेच गाजले.

मार्कने मात्र एक अस्वस्थ करणारा तपशील टिपला आहे. हेरोदाला योहानाचे बोलणे ऐकायला आवडत असे. तो गोंधळून जाई, तरी आवडीने ऐके. आणि मग एका मेजवानीत, त्या मुलीला दिलेला शब्द पाहुण्यांपुढे खाली पडू नये म्हणून, त्याच माणसाचे शिर त्याने तबकात मागवले. पहिल्या रांगेत बसून प्रवचन ऐकणाऱ्या, मान डोलावणाऱ्या सगळ्यांसाठी हे पान आहे. मीही त्यांतलाच.

योहानाचा मोठेपणा आणखी एका ठिकाणी आहे, आणि तिथे तो आपल्या काळातल्या बहुतेक गुरूंहून वेगळा पडतो. त्याचे स्वतःचे शिष्य होते, चळवळ होती. पुढे कित्येक वर्षांनी प्रेषित पौल इफिसला पोहोचला तेव्हा केवळ योहानाचा बाप्तिस्मा घेतलेली बाराएक माणसे त्याला तिथे भेटली, इतका तिचा पल्ला. इराक-इराणमधले मंदाई लोक आजही योहानाला आपला थोर धर्मपुरुष मानतात आणि वाहत्या पाण्यात पुनःपुन्हा स्नानविधी करतात. मुसलमान त्याला पैगंबर याह्या म्हणून ओळखतात. असा माणूस येशू समोरून जाताना आपल्याच शिष्यांना बोट दाखवून सांगतो, की तो बघा. आणि ते शिष्य त्याला सोडून येशूमागे जातात. अंद्रिया त्यांतलाच एक. तक्रार घेऊन आलेल्यांना तो सांगतो, की त्याने वाढायचे आहे आणि मी कमी व्हायचे आहे.

हे बोट मातियास ग्रुनेवाल्ड या जर्मन चित्रकाराने अजरामर केले. इसेनहाइमच्या मठातल्या रुग्णालयासाठी १५१२ ते १५१६ च्या दरम्यान रंगवलेली ती वेदीचित्रे आज फ्रान्समधल्या कोलमार शहरात आहेत. वधस्तंभावरच्या येशूशेजारी योहान उभा आहे. खरे तर तोवर त्याला जाऊन काळ लोटला होता. चित्रकाराने मुद्दाम त्याला परत आणले. एका हातात उघडे पुस्तक आणि दुसऱ्या हाताची तर्जनी, जरा अतीच लांब, येशूकडे रोखलेली. विसाव्या शतकातला धर्मचिंतक कार्ल बार्थ याच्या लिहिण्याच्या टेबलावर या चित्राची प्रत टांगलेली असे. धर्मशास्त्र लिहिणाऱ्याने त्या बोटाएवढेच असावे, अशी त्याची धारणा होती. आपल्याकडे बोट दाखवणाऱ्याच्या अंगठ्याच आधी नजरेत भरतात.

कमी होण्याची ही गोष्ट चर्चच्या दिनदर्शिकेतही शिरली. योहानाचा जन्म येशूच्या सहा महिने आधीचा, म्हणून त्याचा सण २४ जूनला. उत्तर गोलार्धात तिथून दिवस लहान होऊ लागतात, तर नाताळानंतर मोठे. संत ऑगस्टीनने आपल्या प्रवचनांत हा मेळ दाखवला आहे. गोव्यात मात्र या दिवशी कमी होण्याचे कुणी मनावर घेत नाही. सांव जांवच्या दिवशी डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घालून पोरे भरल्या विहिरीत उड्या टाकतात, नव्या जावयांचे कोडकौतुक होते, शिवोलीत सजवलेल्या होड्या निघतात. त्यामागची कथा गोड आहे: गरोदर मरिया भेटायला आली तेव्हा अलीशिबाच्या पोटातल्या योहानाने आनंदाने उडी मारली. विहीर म्हणजे आईचे उदर. रानात टोळ खाणाऱ्या कडक माणसाला फेणीच्या संगतीने साजरे करणे हे गोंयकारच जाणे. पण त्याच्या आयुष्याची सुरुवात आनंदाच्या उडीने झाली, हे त्यांनीच लक्षात ठेवले आहे.

यार्देनचे काय झाले, तेही सांगायला हवे. योहानाची जागा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पूर्वकाठावरील अल-मगतासला युनेस्कोने २०१५ मध्ये जागतिक वारसा मानले. नदी मात्र काही ढांगांची उरली आहे. वरच्या अंगाला इस्राएल, जॉर्डन आणि सीरिया यांनी पाणी वळवल्याने तिच्या मूळ प्रवाहातले नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी खाली पोहोचतच नाही. पश्चिम काठावर १९६७ च्या युद्धानंतर सुरुंग पेरले गेले. तिथली चर्चे ओस पडून अर्धशतक बंद राहिली. लोक तरीही येतात, पांढरे झगे घालून गढूळ पाण्यात बुडी मारतात. दुसऱ्या अंगरख्याचा हिशेब देशांनाही चुकत नाही, आणि तिथे तो पाण्यात मोजतात.

नूतनीकरणाच्या गोष्टी सहसा विजयाने संपतात. योहानाची तशी संपत नाही. ज्याच्याकडे त्याने बोट दाखवले, त्याच्याबद्दलच तुरुंगात त्याला शंका आली. कुऱ्हाड चालेल, भुसा जळेल असे तो सांगत होता. इकडे येशू जकातदारांच्या पंगतीला बसत होता. योहानाने शिष्यांना निरोप देऊन पाठवले: येणार होता तो तूच, की आम्ही दुसऱ्या कुणाची वाट पाहू? येशू त्याला दोष देत नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, गरिबांना शुभवार्ता मिळते, हे जे दिसते आहे ते जाऊन सांगा, एवढेच म्हणतो. शिष्य निघाले. ते वाटेला लागल्यावर येशूने जमलेल्या लोकांपुढे योहानाची अशी थोरवी गायली, की आईच्या पोटी जन्मलेल्यांत त्याच्याहून मोठा कुणी झाला नाही. ती योहानाच्या कानावर गेली की नाही, आणि आलेल्या उत्तराने त्याचे समाधान झाले की नाही, हे एकाही शुभवर्तमानात नोंदलेले नाही.