वापसा आणि बावीस यार्ड

सोयाबीन निघालं की आमच्या हिंगोली जिल्ह्यात दोन घाया एकदमच सुरू होतात. शेतकऱ्याला हरभरा पेरायचा असतो आणि पोरांना पिच करायचं असतं. दोघांचाही जीव एकाच गोष्टीत अडकलेला असतो, जमिनीत ओल किती राहिली यात.

गावाबाहेरच्या गायरानात पिच तयार होताना एकदा बघावं. आधी विळ्यानं गवत कापतात, फावड्यानं उंचवटे तासतात. मग ट्रॉलीभर मुरूम येतो. तो पसरून वर पाणी मारलं की एखादं उतावीळ पोरगं लगेच रोलर ओढायला धावतं. रोलर म्हणजे सिमेंट भरलेला लोखंडी ड्रम, त्याला बांधलेले दोर. पहिल्याच फेरीत ओला मुरूम ड्रमला चिकटतो आणि पिचचे पापुद्रे निघू लागतात. बांधावरून कुणीतरी जाणतं माणूस ओरडतं, "अरे, वापसा तरी येऊ द्या!"

वापसा म्हणजे जमिनीचा चिखल सरलेला असतो, पण ती खडखडीत वाळलेली नसते. माती मुठीत दाबली तर तिचा लाडू वळतो, तळहाताला मात्र चिकटत नाही. पेरणीची तिफण चालवायची ती याच वेळी. कसोटी सामन्याची खेळपट्टी करणारा क्युरेटरही रोलर फिरवण्यासाठी साधारण हीच वेळ साधत असतो. जास्त ओलीवर रोलर फिरवला तर माती लोण्यासारखी सरकते, कोरडीवर फिरवला तर दबतच नाही. नेमक्या ओलीवर, हलक्यापासून जड रोलरपर्यंत, दिवसेंदिवस फिरवला तर मातीचे कण एकमेकांत घट्ट बसतात. पुढे पाच दिवसांत फलंदाज आणि गोलंदाज यांच्यात जे घडतं, त्यातला बराच भाग या वापशात आधीच ठरलेला असतो.

भेगांची माती

आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज भरपूर असतं. त्याच्या सूक्ष्म थरांमध्ये पाणी शिरलं की ते फुगतं, पाणी उडालं की आकसतं. म्हणून पावसाळ्यात हे रान पायातली चप्पल ओढून घेतं आणि एप्रिलमध्ये त्याच रानातल्या भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत आत जातो.

हाच गुण खेळपट्टीला लागतो. वाळू कितीही दाबली तरी तिचे कण एकमेकांना धरत नाहीत, चिकणमाती धरते. चांगल्या खेळपट्टीच्या मातीत साधारण निम्मा भाग चिकणमातीचा असावा लागतो. तरीही गायरानातली पोरं काळी माती सोडून मुरूम आणतात, ते शहाणपणच आहे. काळ्या मातीला रोज पाणी, रोज रोलर आणि वर गवत हवं. हे लाड पुरवणार कोण? मुरूम फुगत नाही, फाटत नाही. फक्त त्यातल्या खड्यावर टप्पा पडला की चेंडू कुठे जाईल हे गोलंदाजालाही सांगता येत नाही.

लाल मातीची तऱ्हा वेगळी. ती काळीइतकी फुगत नाही, पाणी लवकर सोडते आणि कडक होते. मुंबईच्या वानखेडेवर लाल मातीच्या खेळपट्ट्या आहेत. तिथे चेंडूला चांगली उसळी मिळते, तो बॅटवर येतो. पण वरचा थर सुटायला लागला की फिरकी वेगानं आणि उंच वळते. काळी माती ओल धरून ठेवते. तिच्यावर उसळी कमी, चेंडू थांबून येतो आणि सामना जुना होईल तसा अधिकच खाली राहतो.

आणखी एक गंमत. आपल्याकडे ज्या हरळीच्या मुळ्या खणून काढण्यात शेतकऱ्याचं आयुष्य जातं, तीच हरळी क्युरेटर जपून वाढवतो. हरळी म्हणजे गणपतीला वाहतो त्या दूर्वा. तिची मुळं मातीला शिवून ठेवतात आणि खोलवरचं पाणी शोषून पट्टी आतून वाळवतात. शेतातला शत्रू मैदानात सोबती होतो.

अर्ध्या सेकंदाचा हिशेब

खेळपट्टी २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर लांब आणि ३.०५ मीटर रुंद. ताशी १४० किलोमीटरने टाकलेला चेंडू फलंदाजापर्यंत यायला साधारण अर्धा सेकंद लागतो. टप्पा पडल्यानंतर तर त्याहूनही कमी वेळ उरतो. म्हणून चांगला फलंदाज टप्प्यानंतर काय होईल याचा अंदाज आधीच बांधून ठेवतो. खेळपट्टी एकसारखी वागली तर अंदाज खरा ठरतो आणि धावा निघतात. अशा निर्जीव पट्टीला आपण 'पाटा' म्हणतो.

चेंडू कठीण जमिनीवर आपटला तर वेग फारसा गमावत नाही, मऊ जमिनीत किंचित रुततो आणि मंदावतो. पृष्ठभागावर घर्षण जास्त असेल तर फिरकीला पकड मिळते. गवत आणि ओल असेल तर चेंडूची शिवण जमिनीला लागून तो आत-बाहेर जातो. फलंदाजाला सगळ्यात मोठी भीती मात्र असमान उसळीची. यष्ट्या ७१ सेंटिमीटर उंच. एकाच टप्प्यावरून एक चेंडू छातीशी आणि दुसरा घोट्याशी आला, तर तंत्र बापडं काय करणार?

त्यामुळे पट्टीनुसार खेळ बदलावा लागतो. उसळीच्या पट्टीवर मागच्या पायावर जायचं, अंगाबाहेरचा चेंडू सोडायचा. संथ पट्टीवर चेंडू येऊ द्यायचा, उशिरा आणि सरळ बॅटनं खेळायचं. फिरकीच्या आखाड्यात टप्प्यापर्यंत पोचायचं, नाहीतर पार मागे सरायचं. मध्येच अडकला तो गेला. गोलंदाजही तसाच बदलतो. संथ पट्टीवर यष्ट्यांवर मारा, कटर आणि वेगातला फरक, ही शस्त्रं. आमच्याकडे टेनिस बॉलच्या स्पर्धा गाजवणारी पोरं हे कुठल्याही अकादमीत न जाता शिकलेली असतात.

नागपूर, पुणे आणि उलटलेले डाव

हिंगोली जिल्ह्याच्या एका अंगाला पैनगंगेपलीकडे विदर्भ. एकीकडे नागपूर, दुसरीकडे पुणे. खेळपट्टीचे दोन मोठे धडे याच दोन शहरांत मिळतात.

ऑक्टोबर २००४ मध्ये नागपूरच्या जुन्या मैदानावर भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी झाली. पट्टीवर हिरवंगार गवत. ऑस्ट्रेलियाच्या वेगवान जेसन गिलेस्पीनं सामन्यात ९ बळी घेतले, ऑस्ट्रेलिया ३४२ धावांनी जिंकली आणि भारतात मालिका जिंकण्याची त्यांची ३५ वर्षांची प्रतीक्षा संपली. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याच शहरात, जामठ्याच्या नव्या मैदानावर, चित्र अगदी उलटं. पट्टी पहिल्या दिवसापासून कोरडी. दक्षिण आफ्रिकेचा पहिला डाव ७९ धावांत आटोपला, भारताचा फिरकीपटू अश्विननं सामन्यात १२ बळी घेतले, तीन दिवसांत सगळं उरकलं. आयसीसीनं ती खेळपट्टी 'खराब' ठरवली. शहर तेच. फरक पाणी किती दिवस आधी तोडलं आणि गवत किती ठेवलं याचा.

पुण्यात डिसेंबर १९४८ मध्ये पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या. महाराष्ट्र ४ बाद ८२६. समोरच्या संघानं पुढे खेळायलाच नकार दिला. पाट्याची ही परमावधी. त्याच पुण्यातल्या गहुंजे मैदानावर फेब्रुवारी २०१७ मध्ये भारताचे दोन डाव १०५ आणि १०७ धावांत संपले. स्टीव्ह ओकीफ या ऑस्ट्रेलियाच्या डावखुऱ्या फिरकीपटूनं दोन्ही डावांत ३५ धावांत ६ बळी घेतले. पराभव ३३३ धावांनी. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथेच काळ्या मातीच्या संथ पट्टीवर न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरनं १३ बळी घेतले आणि भारत ११३ धावांनी हरला. पुढच्याच आठवड्यात वानखेडेच्या लाल मातीवर न्यूझीलंडच्याच एजाज पटेलनं ११ बळी घेतले. मायदेशात तीन कसोटींच्या मालिकेत तिन्ही सामने भारत पहिल्यांदाच हरला.

यातला धडा रोखठोक आहे. पट्टी जितकी जास्त वळणारी, तितका थोर आणि साध्या फिरकीपटूतला फरक कमी होतो. चांगल्या पट्टीवर अश्विनला अश्विन असण्याचा फायदा मिळायचा. आखाड्यात नुसता टप्पा नेमका ठेवणाऱ्यालाही बळी मिळतात.

पाणी, दव आणि मॅट

पूर्वी सामना सुरू असताना पट्टी झाकत नसत. जानेवारी १९३७ मध्ये मेलबर्नला पावसानं भिजलेली पट्टी वाळत असताना चेंडू वाटेल तसा उडू लागला. इंग्लंडनं ९ बाद ७६ वर डाव सोडला, कारण त्यांना त्याच पट्टीवर ऑस्ट्रेलियाचे बळी हवे होते. ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडमननं वापसा ओळखला म्हणायचा. त्यानं शेपटाचे फलंदाज आधी पाठवले, पट्टी वाळेपर्यंत वेळ काढला आणि मग स्वतः २७० धावा ठोकल्या.

आता पट्टी झाकतात, पण दव झाकता येत नाही. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दुपारी संथ असलेल्या काळ्या मातीवर भारत २४० वर थांबला. संध्याकाळी फलंदाजी सोपी झाली आणि ऑस्ट्रेलियाच्या ट्रॅव्हिस हेडनं १३७ धावा केल्या. ओला चेंडू बोटांतून निसटतो, पट्टीवर सरसर घसरत बॅटवर येतो. फिरकीची धारच जाते.

गवताची पट्टी परवडत नाही तिथे मॅट. सपाट जमिनीवर ताणून बसवलेल्या मॅटवर उसळी नियमित, पकड भरपूर. १९५२ मध्ये लखनौला तागाच्या मॅटवर पाकिस्तानच्या फझल महमूदनं भारताचे १२ बळी घेतले आणि पाकिस्तानला पहिला कसोटी विजय मिळाला. मॅटवर वाढलेल्या मुलाला गवताच्या पट्टीवर खाली राहणारा चेंडू गोंधळात टाकतो, कारण त्याचे डोळे आणि पाय एकाच उसळीला सरावलेले असतात. तरी मराठवाड्याची पोरं जुळवून घेतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बेनोनीत १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारत ४ बाद ३२ असताना बीडच्या सचिन धसनं तिथल्या उसळीवर ९६ धावा काढल्या.

मूठभर माती

अशाच एका संध्याकाळी गायरानातल्या पोरांनी शेवटी बांधावरून ओरडणाऱ्या काकांनाच बोलावलं. ते चप्पल काढून पिचवर आले. टाचेनं दाबून पाहिलं, चिमूटभर मुरूम बोटांत चोळला. मग शेजारच्या स्वतःच्या रानात जाऊन काळ्या मातीचा लाडू वळला आणि अंगठ्यानं फोडला.

"आज नको. उद्या उन्हं वर यायच्या आत."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं ड्रमचा दोर खांद्यावर घेऊन आली, तेव्हा काकांची तिफण दोन तासं पुढे गेलेली होती.