फेसाचा दगड

प्यूमिस म्हणजे ज्वालामुखीच्या उद्रेकात गोठलेला काचेचा फेस. रंग पांढुरका, राखाडी किंवा पिवळसर. आकाराच्या मानाने वजन अगदीच कमी. भिंगाखाली असंख्य बुडबुडे आणि त्यांच्यामधल्या काचेच्या तलम भिंती दिसतात. काही तुकड्यांत हे बुडबुडे ताणले जाऊन रेशमी तंतूंसारखे लांबलेले असतात. घनफळाचा ७०-८० टक्के भाग अनेकदा निव्वळ पोकळीच असतो.

खोलवरच्या शिलारसात प्रचंड दाबाखाली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड विरघळलेले असतात. रस वर चढताना दाब उतरतो आणि वायू सुटू लागतात. सिलिका भरपूर असलेला रस इतका चिकट असतो, की बुडबुड्यांना निसटता येत नाही. ते फुगून रसाच्या चिंधड्या उडवतात आणि स्फटिक बनायला सवड न मिळता त्याची काच होते. दख्खनचा लाव्हा बहुतांशी बेसाल्टचा, पातळ आणि वाहता होता. त्याच्या पोकळ्यांत पुढे झिओलाइट, कॅल्साइट भरले. घाटातला सच्छिद्र काळा दगड म्हणूनच प्यूमिस नव्हे. पाण्यात टाकला की तो बुडतो.

प्यूमिसच्या तरंगण्यातही एक मेख आहे. तापलेला तुकडा पाण्यात पडला, तर पोकळ्यांतली वाफ निवून पाणी आत ओढले जाते आणि तो लगेच बुडतो. हवेत निवालेला तुकडा मात्र महिनोन्‌महिने तरंगतो. १८८३ मध्ये क्राकाटोआच्या उद्रेकातला प्यूमिस हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागला. २००६ मध्ये टोंगाजवळ उसळलेला प्यूमिस पाच हजारांहून अधिक किलोमीटर वाहत ऑस्ट्रेलियाला पोहोचला, तेव्हा त्याला ८० हून अधिक जातींचे जीव चिकटलेले होते. समुद्री जीवांच्या प्रसाराचे इतके मोठे वाहन क्वचितच दुसरे असेल. माणसाला मात्र त्याचा जाच होतो. ऑगस्ट २०२१ मध्ये जपानच्या फुकुतोकु-ओकानोबा या सागरी ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि ऑक्टोबरमध्ये ओकिनावाची बंदरे प्यूमिसने भरून गेली. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटेने खडे आत ओढले जात, म्हणून मासेमारीच्या होड्या जागीच अडकल्या.

जमिनीवर हाच हलका दगड जीवघेणा ठरतो. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीतून पॉम्पेई या रोमन शहरावर तासन्‌तास प्यूमिस बरसला. अडीच-तीन मीटरच्या थराखाली घरांची छपरे कोसळली. रोमन लेखक धाकट्या प्लिनीच्या पत्रात, वरून पडणारे दगड चुकवण्यासाठी डोक्याला उशा बांधून निघालेल्या माणसांची नोंद आहे.

त्याच रोमनांनी या हलकेपणाचे सोनेही केले. रोममधल्या, दुसऱ्या शतकातल्या पँथिऑन या मंदिराचा घुमट ४३ मीटर रुंद आहे. त्याच्या काँक्रीटमध्ये खाली जड दगड आणि माथ्याकडे प्यूमिस वापरल्याने वरचा भार घटला. पोलादी सळ्यांशिवाय तो आजही उभा आहे.

आज प्यूमिस हलक्या विटांत, कुंड्यांच्या मातीत, जीन्सच्या धुलाईत आणि दातांच्या पॉलिशमध्ये वापरला जातो. इटलीच्या लिपारी बेटावर त्यासाठी पांढरे डोंगरच कापले गेले. लिपारी ज्यांत मोडते ती एओलियन बेटे २००० मध्ये जागतिक वारसा यादीत आली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत तिथले खाणकाम थांबले.