वारेची खुशाली कशी कळते?



मूल जन्मले की मागून वार पडते, आणि आपण ती पुरून टाकतो. पण नऊ महिने याच अर्ध्या किलोच्या गोळ्याने बाळाला अन्न आणि प्राणवायू पुरवलेला असतो. वार थकली तर बाळाची वाढ खुंटते, प्रसंगी ते पोटातच दगावते. मग आतली वार धड आहे की नाही, हे बाहेरून ओळखायचे कसे?

वार काही रस तयार करते. त्यांना हॉर्मोन म्हणतात. ते आईच्या रक्तात आणि लघवीत उतरतात. १९२८ च्या सुमारास बर्लिनमध्ये आशहाइम आणि त्सोंडेक या डॉक्टरांनी बाईची लघवी उंदरांच्या लहान माद्यांना टोचून दिवस गेल्याचे ओळखून दाखवले. ती किमया ज्या हॉर्मोनची होती ते वारेचेच, हे पुढे कळले.

दुसरे हॉर्मोन एस्ट्रिऑल. त्याची गंमत गुऱ्हाळासारखी आहे. ऊस शेतातून येतो, गूळ गुऱ्हाळात होतो. तसा एस्ट्रिऑलचा कच्चा माल बाळाच्या शरीरातून येतो आणि वार त्याचे एस्ट्रिऑल करते. म्हणून १९६० नंतर डॉक्टर गरोदर बाईची चोवीस तासांची लघवी साठवून ते मोजू लागले. पण गूळ कमी निघाला तर खोट उसात की गुऱ्हाळात? शिवाय आकडा रोज वरखाली होई, आणि एका वेळची लघवी सांडली की हिशेब चुकला. या मोजणीने बाळे वाचतात असे काही सिद्ध झाले नाही. मग सोनोग्राफी आली, नाळेतला रक्तप्रवाह दिसू लागला, आणि ही तपासणी मागे पडली.

आता रक्तदाब वाढून झटके येण्याची शंका असली, तर काही मोठ्या इस्पितळांत वारेतले 'पीएलजीएफ' नावाचे प्रथिन रक्तात मोजतात. ते फार कमी असेल तर वार अडचणीत आहे असे समजतात. मात्र नुसत्या आकड्यावर निर्णय होत नाही. बाईला आणि बाळाला तपासावेच लागते.

ती तपासणी गावाजवळ होते. रक्तदाब, लघवीतील प्रथिन, टेपने पोटाची वाढ. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची मोफत तपासणी होते. गुरुजी, ही तारीख शाळेच्या फळ्यावर लिहा. आणि भगिनींनो, डोके फार दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच दवाखाना गाठा.