दापोलीचा आंबा, वेंगुर्ल्याचा काजू

विद्यापीठ म्हटले की पदव्या, झगे आणि परीक्षांचे निकाल डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु कोकणात एक असे विद्यापीठ आहे, की ज्याचा निकाल झाडावर लागतो! १९७२ साली दापोलीस कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज ते डॉ. बाळासाहेब सावंत यांच्या नावाने ओळखले जाते.

हापूसचे गोडवे सर्वांनीच गायिले आहेत. त्याची दुखणी मात्र बागायतदारालाच ठाऊक. एक वर्ष झाड लगडते, तर पुढल्या वर्षी रुसून बसते. फळ वरून केशरी आणि देखणे. पण कापावे तो आत साका, म्हणजे पांढुरका, आंबट, स्पंजासारखा गर! यावर उपाय म्हणून नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली ‘रत्ना’ निघाला. तो दरवर्षी धरतो आणि त्यात साका होत नाही. पुढे रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून ‘सिंधू’ आला. त्याची कोय अगदी पातळ. मग हापूसची सद्दी संपली का? छे! मुंबईचे गिऱ्हाईक पेटी मागते ती हापूसचीच. नवे नाव सांगावे, तर ते पुढच्या गाळ्याकडे वळते.

वेंगुर्ल्याच्या काजूची कथा निराळी आहे. बी पेरून वाढविलेल्या काजूचा भरवसा नसे. आईचे गुण लेकीत उतरतीलच असे नाही. म्हणून विद्यापीठाच्या तेथील फळसंशोधन केंद्राने मृदुकाष्ठ कलमाची रीत पक्की केली. कोवळ्या रोपाचा शेंडा छाटायचा, त्याला खाच द्यायची, निवडक झाडाची काडी पाचरीसारखी तासून तीत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. असे कलम तिसऱ्या वर्षापासून फळू लागते. गावठी बी बहुधा ४-५ ग्रॅमची. ‘वेंगुर्ला-४’ची साडेसातच्या पुढे, तर ‘वेंगुर्ला-७’ची सुमारे १० ग्रॅम भरते. १९९० साली राज्य सरकारने रोजगार हमीच्या जोडीने फळबाग लागवडीची योजना आणली, आणि गवताखाली पडलेल्या कितीतरी वरकस जमिनीवर ही कलमे उभी राहिली.

एकाच विद्यापीठाची ही दोन अपत्ये; एकाला दार उघडले, दुसऱ्याला उंबऱ्यावरच थांबावे लागले. कारण उघड आहे. आंबा नावावर विकला जातो, तर काजू वजनावर. कारखानदार बीचे कुळ विचारीत नाही. आत गर किती, एवढेच पाहतो.

शास्त्रज्ञाने वाण काढला म्हणजे अर्धेच काम होते. उरलेले अर्धे बाजारपेठेत व्हावयाचे असते, आणि तेथे आपणही, वाचकहो, परीक्षक असतो. पुढल्या वैशाखात कुणी रत्नाची पेटी पुढे केली, तर एक फोड चाखून मगच निकाल द्यावा.